तिसऱ्या टाकीवरची रेघ

तेविसावी बाटली फुटली तेव्हा बेथन बटाटे वाढत होती.

आवाज फार मोठा नव्हता. घरामागे खडूची टेकडी, टेकडीच्या पोटात भुयार, भुयाराला एकामागे एक दोन दारं. एवढं सगळं ओलांडून जेवणाच्या टेबलापर्यंत पोचायचा तो नुसता एक ठोका, वरच्या मजल्यावर कुणी जाडजूड पुस्तक पाडावं तसा. तरी तिच्या हातातला चमचा थांबलाच. पुदिन्याचं एक पान बटाट्यावरून घसरून सासऱ्याच्या ताटात पडलं.

"तेवीस," टिली म्हणाली. ती चार वर्षांची होती आणि या बुधवारपासून तिला विसाच्या पुढचं मोजता यायला लागलं होतं.

"टिली, जेव," ह्यू म्हणाला.

"बावीस मी झोक्यावर असताना झाली. ती बारीक होती."

"टिली."

"मोजू दे की तिला," फ्रॅन म्हणाली. "या घरात निदान एक माणूस तरी नीट मोजतंय."

ह्यूने सुरी खाली ठेवली, पुन्हा उचलली. फ्रॅन बेथनची नणंद, ह्यूची थोरली बहीण, ब्रायटनला नर्स होती. महिन्यातून एका रविवारी जेवायला यायची आणि येताना एखादं मत घेऊन यायची. आज ती मत नाही, कागद घेऊन आली होती. पर्सच्या तोंडातून त्याचा निळा कोपरा डोकावत होता. बेथनने तो येताक्षणीच पाहिला होता. सासऱ्याने, रोलंडने, पाहिला की नाही, कळायला मार्ग नव्हता. म्हातारा खाली मान घालून हॅमचे तुकडे करत बसला होता. एकसारखे, चौकोनी तुकडे. आणि त्यातला एकही तोंडात जात नव्हता.

दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या तरी हवा हलत नव्हती. जूनमध्ये डाउन्सच्या या टेकड्यांवर असा उकाडा पडला की एरवी या घरात सगळे खूश असायचे. द्राक्षांना फुलोऱ्यात ऊनच हवं असतं. आज उन्हाचं नाव कुणी काढत नव्हतं.

"एकूण किती आहेत?" फ्रॅनने विचारलं.

"दोन हजार सहाशे. तिसऱ्या टाकीच्या सगळ्या."

"आणि सगळ्या फुटणार?"

"काचेवर आहे. साखर दुप्पट पडली म्हणजे आत वायूही दुप्पट. मजबूत असतील त्या टिकतील. पण एक फुटली की तिची काच शेजारणीला लागते, मग ती..." ह्यूने हाताने काहीतरी उडाल्यासारखं केलं. "फोनवर सगळे एकच सांगतात. दार लावा, लांब राहा, वाट बघा."

"आणि आत कुणी गेलं तर?"

ह्यूने दाराकडे बघितलं. स्वयंपाकघराच्या दाराजवळ खुंटीला तलवारबाजीचा जाळीचा मुखवटा लटकत होता, फ्रॅनच्या शाळेच्या दिवसांतला. शुक्रवारी तो चढवून ह्यू आत गेला होता आणि चार मिनिटांत पळत बाहेर आला होता. जाळीत, उजव्या डोळ्याच्या बरोबर समोर, नखाएवढी हिरवी काच रुतली होती. बेथनने ती अजून उपटून काढली नव्हती. तिथून जाता-येता ती मान दुसरीकडे फिरवायची.

"मला एकदा सरळ सांगा," फ्रॅन म्हणाली. "एकाच टाकीत दोघांनी साखर घातली. रेघ असताना हे होतंच कसं?"

रेघ हा शब्द गुरुवारपासून या घरात फिरत होता, आणि दर वेळी तो उच्चारला गेला की तिला वाटे, आता सगळे वळून माझ्याकडेच बघणार.

ती पद्धत सासूने, जोनने, घालून दिलेली. वाईन बाटल्यांत भरण्याआधी टाकीत साखर आणि यीस्ट पडतं, त्यातूनच पुढे बाटलीत बुडबुडे तयार होतात. ज्याने साखर ओतली त्याने टेकडीवरचा खडूचा खडा उचलून टाकीवर आडवी रेघ ओढायची. वही नाही, पाटी नाही. रेघ असेल तर हात लावायचा नाही, रेघ नसेल तर साखर घालायची. सासरच्या, एकहर्स्टांच्या घरात चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि चाळीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

"रेघ नव्हती," ह्यू म्हणाला. "पहिलीवर होती, दुसरीवर होती. तिसरी कोरी. मी साखर घातली, रेघ मारली, चौथीकडे गेलो. गुरुवारी पोती मोजली तर दोन कमी. म्हणजे डॅडने आधी घातली होती आणि रेघ मारायला..." तो थांबला.

"विसरला," फ्रॅनने वाक्य पुरं केलं. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता. पेशंटशी बोलताना होत असेल तसा. "डॅड, आठवतंय तुला?"

रोलंडने मान वर केली. "मारली असणार."

"असणार?"

"चाळीस वर्षं मारतोय, बाई. हात आपोआप जातो."

"मागच्या महिन्यात विजेची किटली गॅसवर ठेवलीस. तीही हात आपोआप गेला म्हणूनच."

"चहा मात्र बरा झाला होता," रोलंड म्हणाला. कुणी हसलं नाही. तोही नाही.

"कुत्र्याला तू बॅजर म्हणतोस. बॅजर जाऊन अकरा वर्षं झाली."

"हा बॅजरपेक्षा मठ्ठ आहे. त्याला चालतं."

"डॅड."

"सांग ना. ऐकतोय."

बेथन चमचा धरून उभीच होती. एप्रिलमधली ती सकाळ तिला लख्ख दिसत होती. लंडनहून हॉटेलवाली मंडळी यायची होती. टिली टाक्यांच्या शेडमध्ये खडू घेऊन शिरली होती आणि तिसऱ्या-चौथ्या टाकीच्या चकचकीत पोलादावर तिने घोडेच घोडे काढून ठेवले होते. वेळ नव्हता. ओलं फडकं होतं. टाक्या पुसताना बेथन गाणंसुद्धा म्हणत होती.

गुरुवारी रात्री ह्यूने मुठी आवळून "रेघच नव्हती" म्हटलं आणि त्याच क्षणी तिला ते फडकं आठवलं. तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा तिने टिलीचे इकडेतिकडे पडलेले चड्डी-मोजे गोळा केले आणि वर गेली. शुक्रवारी बोलायला हवं होतं; शुक्रवारी ह्यूच्या डोळ्यासमोर काच रुतली. शनिवारपर्यंत गप्प राहणं हीच एक वेगळी चूक होऊन बसली, पहिल्यापेक्षा मोठी. कार्डिफची मुलगी, द्राक्षाचं पान आणि आयव्हीचं पान यांत फरक कळायला जिला वर्ष लागलं, तिने एकहर्स्टांची रेघ पुसली. साडेसहा वर्षांत मिळवलेली टेबलावरची ही खुर्ची आता एका वाक्याने जाणार होती. आणि वाक्य गिळलं तर म्हाताऱ्याची जाणार होती.

"मला वाटतं," तिने तोंड उघडलं, "मला काहीतरी..."

"बेथ, तू नको यात पडूस," ह्यू थकून म्हणाला. "हे आमचं आम्हाला बोलू दे."

तिने चमचा भांड्यात ठेवला. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

रोलंडने खिशात हात घातला. सुतळीला बांधलेली भुयाराची किल्ली काढून त्याने लोण्याच्या बशीशेजारी ठेवली. "ही घ्या. आणि तो कागद काढ, फ्रॅन. मघापासून कोपरा दिसतोय त्याचा."

"नुसती तपासणी आहे, डॅड. मेमरी क्लिनिक. प्रश्न विचारतात, घड्याळ काढायला सांगतात..."

"घड्याळ येतं मला काढता. पेन आण."

त्याने सही केली. अक्षर अगदी सुबक आलं. मग त्याने चौकोनी तुकड्यांनी भरलेलं ताट हलकेच पुढे सारलं. "तपासायला कशाला जायचं," तो कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाला, "मलाच आठवत नाहीये." आणि उठून पाय मोकळे करायला गेला.

"चोवीस," टिली म्हणाली.

*

भांडी विसळताना बेथनला खिडकीतून नणंद आणि नवरा दिसत होते. पार खाली, वेलींच्या पहिल्या ओळीपाशी, हातवारे करत. वारा नसल्याने शब्द तुटक तुटक येत होते.

"... एकटा कसा ठेवणार त्याला..."

"... तू इथे राहतेस का? मग..."

"... बिस्किटाच्या डब्याचं झाकण तुला धड लावता यायचं नाही, आणि दोन हजार बाटल्या..."

टिली आत आली. एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. "मम्मी, ग्रँडॅडने माझी रजई नेली."

"कुठे नेली, सोन्या?"

"तुझीपण नेली. आणि पाहुण्यांची. त्याला पुढचं दिसतच नव्हतं, एवढ्या होत्या." ती खुदकन हसली. "गुहेत घर करणार असेल."

बेथनच्या हातातून बशी पाण्यात गेली. तिने टेबलाकडे बघितलं. किल्ली तिथेच, लोण्याशेजारी. मग तिच्या ध्यानात आलं. शुक्रवारी ह्यू पळत बाहेर आला तेव्हा कुलूप लावायचं राहिलं असणार. हे दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. रोलंडच्या आलं होतं.

"पळ," ती म्हणाली. "डॅडीकडे जा. सांग, ग्रँडॅड भुयारात आहे. पळत जा, आणि परत इकडे यायचं नाही. आत्याचा हात धरून राहायचं. कळलं?"

"मोजा..."

"असू दे मोजा!"

पोरगी दचकून धावली. बेथनने खुंटीवरून मुखवटा ओढला.

पहिलं दार उघडं. दुसरंही. आत पाऊल टाकताच अंगावर गारठा आला. पाठीमागे तापलेला दुपारचा पट्टा, पुढे पांढऱ्या भिंतींचा लांब बोगदा आणि छतावरचे पिवळे दिवे. जाळीतून सगळं बारीक चौकटींत तुटून दिसत होतं. एका चौकटीत काही नव्हतंच, नुसता हिरवा डाग. कच्च्या पावाचा वास दाटला होता. बुटाखाली काच चुरचुरली. जमीन ओली, चिकट.

डाव्या हाताला ती रास होती. आडव्या बाटल्या, एकीवर एक, छातीच्या उंचीपर्यंत. तिला ती भिंतीसारखी वाटायची एरवी. आज तिला वाटलं, दोन हजार सहाशे तोंडं श्वास कोंडून आपल्याकडे बघताहेत.

"रोलंड!"

"ओरडू नकोस, पोरी. त्या दचकतात."

तो पार आत होता. डोक्यावर रोजची कापडी टोपी, बाकी काही नाही. समोरच्या, उजव्या राशीवर तो रजया टांगत होता. खडूच्या भिंतीतले जुने खिळे त्याला हातानेच सापडत होते.

"बाहेर चला. आत्ता."

"हे टोक धर आधी. माझा हात पोचत नाही."

"रोलंड, तुम्हाला वेड..."

"ते आजच सही करून दिलंय. टोक धर."

तिने टोक धरलं. टिलीच्या रजईवर पिवळी बदकं होती. त्यामागे, काचेवर सहा वर्षांची धूळ घेऊन, त्या बाटल्या पडल्या होत्या ज्यांना कुणी हात लावत नसे. जोनच्या हातची, ती जायच्या आधीची शेवटची वाईन. आजारपणातही तिने स्टुलावर बसून एकेका बाटलीला झाकण लावलं होतं; दर दहा बाटल्यांनंतर दम घ्यायला थांबत. बेथन तेव्हा या घरात नवी होती. बाटल्या पुढे सरकवायचं काम तिचं होतं.

"माझ्या चुकीची काच हिला लागायला नको," रोलंड म्हणाला. "बाकी काय फुटायचं ते फुटू दे."

तेवढ्यात डावीकडची एक फुटली.

घरातून ऐकू यायचा तो आवाज हा नव्हता. हा कानाच्या आत झाला. मागोमाग दुसरी, तिसरी. बदकांची रजई कुणी गुद्दा मारावा तशी आत दबली आणि सुटली. फाटलेल्या शिवणीतून पिसं उडाली. बेथन खाली बसली होती. केव्हा बसली, तिला कळलंच नव्हतं. गालावरून काहीतरी ओघळत होतं. तिने चाटलं. वाईन. गोडसर.

रोलंड उभाच होता. कानाच्या पाळीतून रक्ताची बारीक धार कॉलरवर उतरत होती आणि तो पुढचा खिळा चाचपत होता.

तिने मुखवटा काढला आणि त्याच्या डोक्यावर, टोपीसकट, खाली ओढला.

"हे काय करतेस? तुझी पोर लहान आहे!"

"तुमची चूक नाही."

"बरं, बरं. असू दे."

"असू दे नाही! ऐका माझं. रेघ मी पुसली." आवाज खडूच्या भिंतींना लागून विरला, म्हणून ती पुन्हा, मोठ्याने म्हणाली. "मी पुसली. हॉटेलवाले यायचे होते. टिलीने टाक्यांवर घोडे काढले होते. मी ओल्या फडक्याने सगळं साफ केलं. तिसरीवर एक आडवी रेघ होती. मला वाटलं, घोड्याची शेपटी."

जाळीमागे त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"गुरुवारपासून माहितीये मला. मी बोलले नाही. जेवताना तुम्ही सही केलीत आणि मी बोलले नाही."

"परत सांग."

"गुरुवारपासून मला..."

"ते नाही. आधीचं."

"तिसरीवर रेघ होती."

"आडवी?"

"आडवी. डावीकडे जाड, उजवीकडे निमुळती."

म्हातारा हळूहळू भिंतीला टेकला. जाळीच्या आतून एक चमत्कारिक आवाज आला. ती घाबरली, त्याला काही लागलं की काय. मग तिला कळलं, तो हसत होता.

"रोज पहाटे," तो म्हणाला, "पडल्या पडल्या ती टाकी डोळ्यांसमोर आणायचो. शुक्रवारी रेघ दिसत होती. शनिवारी कधी दिसायची, कधी नाही. आज सकाळी टाकी कोरी. मी म्हटलं, संपलं. बाटल्यांचं काय गं, बाटल्या पुन्हा भरता येतात." त्याने तिचा हात घट्ट धरला. त्याचा हात गार होता. "मारली होती मी. हात गेला होता."

"तुम्हाला राग नाही आला?"

"येईल. उद्या येईल. आज वेळ नाही मला. शेवटचं टोक धर, मग निघू."

तिने धरलं.

*

दाराबाहेरच्या उन्हात ह्यू धापा टाकत उभा होता. त्याला आत शिरू न देता फ्रॅनने मागून त्याचा पट्टा धरून ठेवला होता. टिली तिच्या दुसऱ्या हाताला. दोघांना बाहेर येताना बघून फ्रॅनने पट्टा सोडला आणि तशीच मटकन पायरीवर बसली.

बेथनने कुणाला काही विचारू दिलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फडकं, घोडे, शेपटी, गुरुवार. आत सांगण्यापेक्षा हे कठीण होतं. इथे काही फुटत नव्हतं.

"तीन दिवस, बेथ?" ह्यू म्हणाला.

"तीन दिवस."

"मी बापाला म्हणालो, तू काल काय जेवलास ते सांग बघू. तू तिथेच उभी होतीस."

"होते."

तो वळला आणि चार पावलं लांब जाऊन पाठमोरा उभा राहिला. तिला वाटलं, तो असाच चालत खाली वेलींमध्ये निघून जाईल. तो गेला नाही. पण वळलाही नाही.

"घोड्याची शेपटी," फ्रॅन पुटपुटली. तिने डोळे पुसले, नाक पुसलं, मग नर्सचे हात कामाला लागले. बापाच्या डोक्यावरचा मुखवटा काढून तिने कान तपासला. "दोन टाके पडतील. डॅड, तो कागद मात्र मी फाडणार नाही."

"नकोच फाडू. घड्याळ काढून दाखवतो त्यांना."

"तो घोडा नव्हता," टिली रागाने म्हणाली. "ते कुत्रं होतं. बॅजर."

रोलंडने नातीकडे बघितलं आणि तोंडभरून हसला. फ्रॅनने घरातून किल्ली आणली. क्षणभर ती तिच्या मुठीतच राहिली. मग तिने ती बापाच्या तळहातावर ठेवली. त्याने कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं, सुतळी बोटाभोवती गुंडाळली. मग तो बेथनकडे आला आणि किल्ली तिच्या हातात देऊन त्याने तिची बोटं मिटली.

"ही तू ठेव, जोन. माझ्या खिशाला भोक पडलंय."

ह्यू वळला होता. फ्रॅन भावाकडे बघत होती, भाऊ बायकोकडे. रोलंडचा चेहरा शांत होता. कितीतरी दिवसांत इतका शांत नव्हता. रेघ त्याने मारली होती, हे खरं होतं. आणि आत्ता त्याने तिला जोन म्हटलं, हेही खरं होतं. बेथनला आतल्या गारठ्यात वाटली नव्हती तेवढी भीती उन्हात वाटली.

किल्ली त्याच्या हाताने कोमट झाली होती.

"ठेवते," ती म्हणाली. "रेघ मात्र तुम्हीच मारायची."

"मग दुसरं कोण मारणार?" म्हातारा म्हणाला आणि घराकडे चालू लागला.

टेकडीच्या पोटात पुन्हा ठोका पडला. टिलीने तोंड उघडलं, सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि आकडा मनातच ठेवला. ह्यू पुढे आला. त्याने बेथनला हात लावला नाही. पायरीवर पडलेला मुखवटा उचलला आणि मान खाली घालून, अंगठ्याच्या नखाने, जाळीतली ती हिरवी काच उपटून काढायला लागला.